मयत महादेवरावांचा दुपारचा जबाब

माझे मेहुणे उकंडराव यांना आपल्या वारलेल्या बापाच्या स्वप्नातून काय मिळायचं होतं, त्याची मोजदाद आधीच करून ठेवतो. पुढच्या घोळात ती सापडणार नाही. सगळ्यात आधी वडनेर भोलजीच्या शिवारातली, त्यांच्या वावराच्या कडेची जमिनीची पट्टी. ती एवढी रुंद की तिच्यावर बैल आडवा उभा केला तर त्याची शेपटी परक्या हद्दीतल्या माश्या वारायची. मग त्या पट्टीवरचा आंबा. त्याच्या कैऱ्या आंबट, आणि पिकल्यावरही तो आपला स्वभाव फारसा सोडत नसे. पण दोघांना हवा होता, एवढ्यानेच त्याला चव आली होती. आणि शेवटी चुलतभाऊ भगवंतराव यांचं उतरलेलं तोंड. या मालाला मलकापूरच्या बाजारात भाव नाही, पण उकंडरावांनी त्याच्यासाठी कापसाची भरली गाडी सोडली असती.

माझाही थोडा फायदा होता, तो लपवत नाही. मी मलकापूरच्या तहसील कचेरीत कारकून. सासुरवाडीत मला बसायला पाट मिळे, हात पुसायला पंचा मिळे, पण मत कोणी विचारत नसे. विचारलंच तर ठरवून झाल्यावर विचारत, आणि मी तोंड उघडलं की उकंडरावांचं कुटुंब, अन्नपूर्णावहिनी, ताटात आणखी एक पोळी टाकून ते बंद करीत. एकदा तरी त्या गावात सगळ्यांनी माझ्या तोंडाकडे बघावं अशी माझी इच्छा होती. ती पुरी झाली. नको होती तेव्हा झाली.

भांडण धुऱ्याचं होतं. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. आमच्या वऱ्हाडात दरसाल वखरताना धुऱ्याचा थोडासा भाग आपल्याकडे ओढून घेणं याला कोणी चोरी म्हणत नाही, कास्तकारी म्हणतात. उकंडरावांनी धुरा इकडून कोरला, भगवंतरावांनी तिकडून कोरला, आणि त्या कोराकोरीत त्यांच्या बापांनी वाटणीच्या वेळी पुरलेला हद्दीचा दगड कुठे गाडला गेला, ते धरणीमातेलाच ठाऊक. दोन्ही बाप, म्हणजे भगवंतरावांचे थोरले किसनराव आणि उकंडरावांचे धाकटे महादेवराव, वारलेले. मोजणीदार आला, साखळी ताणली, दोघांकडे जेवला आणि म्हणाला, "मूळ दगड दाखवा." दोघांनी दोन दगड दाखवले. दोन्हींवरची माती ओली होती. मोजणीदार हसला आणि बैलांच्या दमणीत बसून निघून गेला.

आता यात मी कसा आलो ते सांगतो. त्या उन्हाळ्यात मलकापूर स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत उत्तरेकडचे एक बुवा उतरले होते. ते स्वप्नाचा अभ्यास शिकवत. उताणं निजायचं, हातपाय सैल सोडायचे, लक्ष डाव्या पायाच्या अंगठ्यात न्यायचं आणि तिथून एकेका अवयवातून वर चढवत डोक्यापर्यंत आणायचं. शरीर झोपतं, पण लक्ष राखणदारासारखं उंबऱ्यावर बसून राहतं. मग स्वप्न आलं की त्यातून पळायचं नाही, त्याला धरायचंही नाही. समोर जो येईल त्याला बोलू द्यायचं. बाहेरून कोणी हाक मारली तरी ताडकन उठायचं नाही. मी गेलो, कारण मला एक स्वप्न वारंवार पडे: मी उघड्या डोक्याने कचेरीत गेलो आहे आणि तहसीलदारसाहेब माझ्या टाळूकडे बघत आहेत. माझी बायको कोकिळा हिने यावर "टोपी घालून निजत जा न मंग" असा उपाय सांगितला होता. पण शिकलेल्या माणसाला असा फुकटचा उपाय पटत नाही.

बुवांनी आत कसं जायचं ते उत्तम शिकवलं. "वापस आने का रास्ता कल," असं म्हणाले, आणि कल उजाडायच्या आत नागपूरच्या गाडीने निघून गेले. थोडक्यात, मी अर्ध्या विद्येचा धनी होतो. पूर्ण विद्या असलेला माणूस गप्प बसतो. मी कोकिळेला सगळं रंगवून सांगितलं, आणि तिने भावाला कळवलं.

उकंडराव दुसऱ्याच बाजाराच्या दिवशी दारात हजर. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"जवाईबापू, बाप येते माह्या सपनात."

"बरं."

"बरं काय बरं! रोज दुपारी डोळा लागला का आंब्याखाली उभा. हात वर करते, तोंड उघडते, अन् मी जागा होतो! दगड कुठी हाये थेच सांगाले येऊन राह्यला थो. मले घडीभर झोपेत थांबता येत नाही म्हणून माहा आंबा चालला!"

अखजी जवळ आली होती. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे पितरांसाठी नवी घागर भरतात, पान वाढतात. तेव्हा त्या दिवसांत वडील माणसं स्वप्नात डोकावली तर कोणाला नवल वाटत नाही. नवल हे की महादेवराव बोलत नव्हते. यावर गावाने आपली अक्कल आधीच खर्चून पाहिली होती. शेजारच्या झुंबरबाई, ज्यांना वडनेरातल्या मेलेल्या माणसांची जिवंतांपेक्षा जास्त माहिती असे, म्हणाल्या होत्या, "बोलत नाही म्हणजे उपाशी हाये बिचारा. भरीत खाऊ घाला." अन्नपूर्णावहिनींनी वांग्याचं भरीत आणि भाकर करून पान बाहेर ठेवलं. दुसऱ्या दिवशी महादेवराव तोंड पुसत आले, पण बोलले नाहीत. मग कोणी म्हणालं, बाजेची दिशा चुकली आहे. बाज फिरवली. महादेवराव आले, ते पाठमोरे. घाईघाईने बाज पुन्हा होती तशी केली.

"तुमी मले झोपेत जागं ठेवा," उकंडराव म्हणाले. "बाकी मी पाह्यतो."

मी कचेरीत रजेचा अर्ज दिला. कारणाच्या जागी खरं लिहिलं असतं तर रजेबरोबर वैद्याचा दाखला मागितला असता, म्हणून 'घरगुती जमिनीचे काम' असं लिहिलं, आणि दमणीत बसून वडनेरला गेलो.

पहिल्या दुपारी ओसरीवर सतरंजी अंथरून उकंडरावांना उताणं निजवलं. मी आवाज खोल केला.

"डाव्या पायाच्या अंगठ्यात लक्ष न्या."

"नेलं."

"काय वाटतं?"

"अंगठा हाये."

"आणखी?"

"ठणकते."

"ठणकू द्या. आता घोट्याकडे चला."

"चालू कसा? ठणकते म्हणलं न!"

मला वाटलं, ही मनाची आडकाठी. बुवांनी सांगितलं होतं की शरीर जिथे अडवतं तिथेच थांबून विचारपूस करावी. पण ते मला सोयीस्कर आठवलं नाही. मी अंगठ्याला वळसा घालून जायचा हुकूम दिला. तेवढ्यात अन्नपूर्णावहिनी हळद-तेल घेऊन आल्या आणि अंगठ्याला चोळू लागल्या. झुंबरबाईंनी भिंतीवरून डोकावून "नारू असन थो, मी सांगतो" असं निदान केलं. उकंडराव म्हणाले, "बाप येऊन राह्यला होता, तुमच्या हळदीनं परत गेला." मग ते बायकोवर रागावले, बायको माझ्यावर रागावली, आणि मला संध्याकाळी पोळीऐवजी भाकर मिळाली.

असं रोज चाललं. अंगठा ठणके, लक्ष तिथेच बसून राही, आणि वर चढायच्या ऐवजी उकंडराव घोरू लागत. इकडे गावात बोभाटा झाला की कोकिळेचा नवरा मेलेल्यांशी गाठ घालून देतो. झुंबरबाई स्वतःची गोधडी घेऊन आल्या. त्यांचे यजमान तांब्याचं घंगाळ कोणाला दिलं ते न सांगताच वारले होते, आणि तेव्हापासून त्या सगळ्या गावाकडे घंगाळाच्या नजरेने बघत. त्यांच्यामागे आणखी बायका आल्या, बायकांवर लक्ष ठेवायला पुरुष आले, आणि ओसरी पुरेना तेव्हा आम्ही मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात गेलो. तिथे फरशी गार. निम्मी मंडळी फरशीसाठीच येत असावी, असा माझा अंदाज आहे.

उकंडराव मात्र पुढचा विचार करत होते. बाप बोलला तरी ते कागदावर यायला हवं. ते मला घेऊन नारायणराव पटवाऱ्यांकडे गेले.

"जबाब लिहून घ्या लागते, पटवारीसाहेब."

"कोणाचा?"

"बाबाचा."

नारायणरावांनी चष्मा कपाळावर सरकवला. "थे तं मयत झाले न."

"हाव."

"मयत इसमाले हजर करता येत नाही, उकंडराव."

"हजर तं थो रोजच होते. बोलत नाही, एवढंच."

पटवारी हसतील असं मला वाटलं. पण गावकीत सगळी उमर ज्याने असंच काहीबाही लिहून घेण्यात घालवली, तो माणूस एवढ्यावर हसत नाही. त्यांनी थोडा विचार केला. "कचेरी हे मानणार नाही. पण आपसात समझोता म्हणून लिहिता येते. फक्त एकतर्फी नाही चालणार. उद्या तुमी म्हणसान, बापानं आंबा मले देला. मी काय तुमच्या डोक्यात पाहून आलो? भगवंतराव समक्ष पायजे, पंच पायजे. अन् झोपेत तोंडातून जे निघन थे दोघाले कबूल, असं आधी लिहून पायजे."

उकंडरावांनी तिथल्या तिथे सही ठोकली. आपला बाप आपल्याविरुद्ध बोलेल हे कोणाच्या डोक्यात येत नाही. बाप जिवंत असताना दुसरं काही करत नसतो, हे माणूस इतक्या लवकर विसरतो.

भगवंतरावांना राजी करणं वाटलं होतं त्याहून सोपं गेलं. त्यांनी कागद ऐकला, मिशीतल्या मिशीत हसले आणि सही केली. "काकाचा जीव माह्यावर बी होता," ते म्हणाले. "मी बी येतो निजाले. पाहू कोणाच्या सपनात आधी येते थो."

ठरल्या दुपारी भगवंतराव खरंच आले, बगलेत स्वतःची उशी मारून. सभामंडपात जागा एकच उरली होती, ती उकंडरावांच्या शेजारी. दोघं एका सतरंजीवर, एकमेकांकडे पाठ करून निजले. मी म्हटलं, "उताणं निजावं लागतं." दोघं उताणे झाले, खांद्याला खांदा लागला आणि दोघांनीही तो चटका बसल्यासारखा काढून घेतला. खांबाला टेकून पटवारी दौत-टाक घेऊन बसले, त्यांच्या बाजूला पंच. मी आवाज खोल केला. सांगायला हरकत नाही, आतापर्यंत माझा आवाज मलाच आवडू लागला होता.

"या वेळी अंगठ्यातून हलू नका," मी उकंडरावांना म्हटलं. घोट्याकडे पाठवून पाठवून मी थकलो होतो, दुसरं कारण नाही. "ठणकते तर ठणकू द्या. तिथेच राहा. आणि कोणीही हाक मारली तरी कोणी उठायचं नाही."

सभामंडप शांत झाला. बाहेर कडुलिंबाच्या सावलीत शेळ्या रवंथ करत होत्या. आणि अशा वेळी देवळाच्या पायऱ्यांवर नाल मारलेल्या जोड्यांचा आवाज आला.

तो काळ असा होता की सत्याग्रह म्हणून सरकारी जंगलात गवत कापून लोक हसत हसत तुरुंगात जाऊन आले होते, आणि चार माणसं एके ठिकाणी दिसली की पोलीस काठ्या सरसावत. जमादार फेरीवर निघाले होते. त्यांना चार नव्हे, अर्धं वडनेर दिसलं, आणि तेही आडवं.

"ये क्या लगा रखा है?" जमादार गरजले. "हे सारे काऊन पडून राह्यले?"

मी हळूच म्हटलं, "ध्यान चाललं आहे."

"ध्यान? अन् पटवारी लिहून काय घेऊन राह्यले? यहां का लीडर कोण?"

झुंबरबाईंनी डोळे न उघडता गोधडीतून हात काढला आणि बोट माझ्याकडे केलं.

"तुम? काय काम करता तुमी?"

"तहसील कचेरीत..." एवढं बोलून माझा आवाज, जो इतके दिवस खोल होता, तो खोलातच राहिला.

"सरकारी नोकर! वा!" जमादार मंडळींकडे वळले. "उठो सब! उठा!"

कोणी हललं नाही. लग्न झाल्यापासून त्या गावात माझं एकही वाक्य कोणी मानलं नव्हतं. 'हाक मारली तरी उठायचं नाही' हे मात्र लहानथोरांनी अक्षरशः मानलं. एक पापणी उघडली नाही.

"मार खातीन पण उठणार नाहीत! अगदी तेच!" जमादारांचा चेहरा लाल झाला. मला माझी नोकरी दिसली, ती दमणीत बसून निघाली होती. जमादारांनी काठी फरशीवर जोरात आपटली.

आणि उकंडराव बोलले.

"बाबा, लागलं मले."

आवाज त्यांचा नव्हता. म्हणजे त्यांचाच होता, पण मिसरूड फुटायच्या कितीतरी आधीचा. जमादारांची काठी दुसऱ्यांदा वर गेली होती, ती तिथेच राहिली. पटवाऱ्यांनी टाक दौतीत बुडवला.

मला काय करायचं ते ठाऊक नव्हतं, म्हणून जे कोणीही विचारील तेच मी विचारलं. "कुठे लागलं?"

"अंगठ्याले."

"कशाचं?"

"दगडाचं. बैलामांगं धावत होतो... बाभळीच्या बुडापाशी. रगत येऊन राह्यलं, बाबा."

बाभूळ! सभामंडपातल्या झोपलेल्या मंडळींमधून एक उसासा गेला. बाभूळ धुऱ्यावर नव्हतीच. ती उकंडरावांच्या वावरात, चांगली आत होती. म्हणजे आंबा तर सोडाच, आंब्याच्या अलीकडचीही जमीन कितीतरी वर्षं उकंडरावांच्या घरात चुकून पिकत होती.

"बाबा काय म्हणतात?" मी विचारलं. विचारायला नको होतं. पण पटवारी माझ्याकडे बघत होते.

उकंडरावांचा चेहरा सैल झाला, ओठ हलले. "म्हणते, रडू नको बे, वाघ माहा. ये, खांद्यावर बस. हा दगड हाये न, अठीपर्यंत आपलं. आंबा किसनदादाचा. त्याची कैरी तोडू नको कधी, दादा रागावते."

टाकाचा करकर आवाज तेवढा येत राहिला. भगवंतराव डोळे उघडे टाकून छताकडे बघत होते. इतक्या वर्षांनी आपल्या बापाचं नाव त्यांनी काकाच्या तोंडून ऐकलं होतं. सांगायलाच हवं म्हणून सांगतो, त्यांचं तोंड उतरलं होतं. उकंडरावांना ते बघायचं होतं, आणि ऐन वेळी त्यांचे डोळे मिटलेले होते.

परत आणायचा रस्ता मला ठाऊक नव्हता, पण माणूस स्वतःच्या घरी आपला आपण येतो. थोड्या वेळाने उकंडराव उठून बसले. जमादार बघितले, भगवंतराव बघितले, मग घाईने म्हणाले, "बोलला का? काय म्हणला बाप?"

सगळी मंडळी उठून बसली होती, आणि सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती. या वेळी अन्नपूर्णावहिनींच्या हातात पोळी नव्हती.

मी सांगितलं. शब्द न शब्द सांगितला. कागदावर सही होती खरी, पण झोपेतल्या बडबडीवर जमीन सोडा असं कोणती कचेरी म्हणणार होती? उकंडरावांनी 'हे सारं येड्यासारखं बयाडपन हाये' म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. पटवाऱ्यांनी टाक उचलून धरला होता.

उकंडरावांनी डावा पाय जवळ ओढला आणि अंगठा चिमटीत धरून बराच वेळ बघितला. "ठणक गेली," ते म्हणाले. मग म्हणाले, "खांद्यावर आणलं होतं त्यानं मले, पार घरापर्यंत. मुंडाशाची चिंधी फाडून बांधली होती. मी इसरलोच होतो पाहा." आणि पटवाऱ्यांना, जरा रागानेच, "काय पाह्यता? लिहा न! बाप खोटं कायले बोलन?"

संध्याकाळी बाभळीच्या बुडाशी खणलं. दगड निघाला. मुळ्यांनी त्याला असा धरून ठेवला होता की कुऱ्हाड लावावी लागली. पंच म्हणून खाली सह्या झाल्या, त्यात जमादारांचीही आहे; त्यांनी फेरीच्या कागदात मात्र 'गाव झोपलेले आढळले, बंदोबस्त ठीक' एवढंच लिहिलं म्हणतात.

अखजीला भगवंतराव आंब्यांची टोपली डोक्यावर घेऊन स्वतः आले. "काकाच्या पानाले," म्हणाले, आणि ओसरीवर बसले. आंबा आंबटच होता, पण अन्नपूर्णावहिनींनी रसात गूळ जास्त घातला. मला त्या दिवशी मत विचारण्यात आलं: रस कसा झाला? मी चांगला म्हटलं.

पुढे पावसाला सुरुवात झाल्यावर उकंडराव मलकापूरला आले. या वेळी पाणी घेतलं, चहा घेतला, आणि रिकामी बशी फिरवत बसले. शेवटी कोकिळा म्हणाली, "दादा, काय झालं? भगवंतदादानं काही काढलं का पुन्हा?"

"थो काय काढते! थो तं पोरासाठी पोरगी पाह्याले मलेच घेऊन गेला होता." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "जवाईबापू, येत नाही थो आता."

"कोण?"

"बाप. रोज दुपारी निजतो, तुमी सांगतल्यासारखं अंगठ्यात लक्ष देतो. अंगठा गप. मस्त झोप लागते, सपन म्हणून नाही. आंबा गेला तं गेला, त्याचं काही नाही. पण रोज उभा तं राह्यत होता. न बोलता काऊन होईना, येत तं होता. आणा न त्याले परत."

मी काय आणणार? कोकिळेने न विचारता त्यांच्यापुढे पाट मांडला.

तर शेवटी या सगळ्याची किंमत म्हणून कोणी काय भरलं, ते असं. झुंबरबाईंना त्यांच्या यजमानांनी स्वप्नात येऊन घंगाळ बाईंच्याच सख्ख्या भावाकडे असल्याचं सांगितलं, त्यामुळे त्यांनी भाऊ भरला. घंगाळ अजून आलेलं नाही. जमादारांनी लिहिलं नाही तरी बोभाटा कचेरीपर्यंत गेलाच; 'सरकारी नोकराने विनापरवानगी रयतेस सामुदायिक रीत्या निद्रिस्त का केले' याचा लेखी खुलासा मी दिला, आणि त्या सालची बढती त्याच्याबरोबर गेली. पट्टी, आंबा आणि बाभळीपर्यंतची जमीन उकंडरावांनी दिली, त्याचा कागद नारायणराव पटवाऱ्यांकडे आहे. बापही उकंडरावांनीच दिला. त्याचा पंचनामा झाला नाही.